टिपिंग ट्रॉली घेताय? आधी माल मोजा, मग ट्रॉली निवडा



"सर, घरी ट्रॅक्टर आहे. पेरणी-मशागत झाली की बरेच महिने उभाच असतो. मागे टिपिंग ट्रॉली लावून मुरूम, खडी, राडारोडा वाहायचा धंदा सुरू केला तर? आणि ट्रॉली कोणती घेऊ?" हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, म्हणून आकडेमोडीसकट सगळं इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले असतील. एकटा माणूस पिकअपमागे डंप ट्रेलर जोडतो, एका घरचा कचरा-माती उचलतो, ओतून येतो आणि दुपारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे हजर. आपल्याकडे पिकअपमागे ट्रेलर ओढायची पद्धत फारशी नाही. ते काम गावागावात ट्रॅक्टर आणि टिपिंग ट्रॉली करते. धंदा तोच, यंत्र वेगळं.

बहुतेक जण ट्रॉली कशी घेतात? वर्कशॉपमध्ये जातात, शेजाऱ्याने घेतली तशी मागतात, रंग बघतात, भाव करतात, ॲडव्हान्स देतात. "किती टनाची?" असं विचारलं की बनवणारा म्हणतो, "दहा टन घाला दादा, काही होत नाही." होतं. आणि झालं की कर्जाचा हप्ता तुमचा असतो, त्याचा नाही.

म्हणून आजच्या लेखाचं सूत्र एकच: माल ठरवा, वजन काढा, फेऱ्या मोजा. ट्रॉली त्यानंतर.

## पहिला प्रश्न: वाहायचं काय?

टिपिंग म्हणजे हायड्रोलिक जॅकने हौदा उचलून माल मागे ओतणं. ही सोय सैल मालासाठी आहे: मुरूम, माती, वाळू, खडी, शेणखत, राडारोडा. तिथे ती सोन्यासारखी. दोन मजूर फावड्याने पाऊण-एक तास जी ट्रॉली रिकामी करतात, ती जॅकने पाच मिनिटांत होते.

पण सगळ्याच मालाला टिपिंग लागत नाही.

- विटा: ओतल्या तर फुटतात. गिऱ्हाईक हाताने उतरवून, रचून मागतं. इथे जॅकवर घातलेला पैसा पडून राहतो.
- ऊस: कारखान्यात गव्हाणीवर क्रेनने साखळ्या लावून उतरवतात. उसाची ट्रॉली बांधणीनेच वेगळी असते.
- सिमेंट, खताच्या गोण्या: हातानेच उतरणार.

तुमचं ऐंशी टक्के काम विटा आणि गोण्यांचं असेल, तर साधी ट्रॉली घ्या आणि उरलेला पैसा चांगल्या टायरवर घाला. मुरूम-खडी-राडारोडा असेल तरच टिपिंग. म्हणून घाई करू नका. आधी गावातल्या आणि तालुक्यातल्या दहा गिऱ्हाइकांना विचारा: बांधकाम कंत्राटदार, जेसीबीवाले, घर बांधणारे, नर्सरीवाले. "महिन्याला तुमच्या किती फेऱ्या असतात, कशाच्या, किती लांबून?" ही यादी तुमच्या ट्रॉलीचा खरा नकाशा.

## ब्रासचं टनात रूपांतर करा

आपल्याकडे माल ब्रासमध्ये विकला जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. गिऱ्हाईक ब्रास मोजतं. पण एक्सल, टायर, ब्रेक आणि आरटीओ टन मोजतात. धंद्यातली निम्मी भानगड इथेच आहे.

एका ब्रासचं अंदाजे वजन बघा:

- शेणखत: दीड ते सव्वादोन टन
- सैल काळी माती: साडेतीन टनांच्या आसपास
- राडारोडा: साडेतीन ते चार टन
- खडी: साडेचार टनांच्या आत-बाहेर
- मुरूम: सव्वाचार ते पावणेपाच टन
- कोरडी वाळू: साधारण साडेचार टन
- ओली वाळू: साडेपाच टनांपर्यंत

म्हणजे शेणखत आणि ओली वाळू यांच्यात दुपटीहून जास्त फरक! हौदा तोच, वजन दुप्पट.

आता एक नेहमीचं माप घेऊ. हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच. गुणाकार केला की १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास. काठोकाठ ओली वाळू भरली तर माल झाला साधारण ६.६ टन. वर शीग लावली तर आणखी. ट्रॉलीचं स्वतःचं वजन १.८ टन धरा. एकूण ८.४ टन. आणि पुढे ओढणारा ४५ एचपीचा ट्रॅक्टर स्वतः असतो दोन टनांच्या आसपास.

म्हणूनच "मोठा हौदा म्हणजे जास्त कमाई" हे डोक्यातून काढून टाका. मोठा हौदा हलक्या मालाला चांगला. जड मालाला तो फक्त जास्त भरायचा मोह देतो.

करायचं काय? ट्रॉलीची मालाची क्षमता ५ टन असेल, तर हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने रेघा मारा. वरच्या १० बाय ६ च्या हौद्यात ५ टन माल असा बसतो:

- ओली वाळू: १८ इंचांपर्यंत
- मुरूम: साधारण २१ इंचांपर्यंत
- कोरडी वाळू, खडी: २२ इंचांपर्यंत
- शेणखत: काठोकाठ भरलं तरी पावणेतीन टनांच्या आतच. इथे फळ्या लावून बाजू उंच केल्या तरी चालतं

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मालाची एक फेरी जवळच्या वजनकाट्यावर न्या आणि या रेघा खऱ्या वजनाला जुळवून घ्या. तुमच्या भागातला मुरूम वेगळा असू शकतो. एकदा रेघ पक्की झाली की जेसीबीवाल्याला सांगायचं, "दादा, रेघेपर्यंतच." वाद नाही, अंदाज नाही.

## ट्रॅक्टर ओढेल, पण थांबवेल का?

"माझा ट्रॅक्टर दहा टन आरामात ओढतो." खरं असेल. सपाट रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढेलही. पण दोन टनांच्या ट्रॅक्टरला मागून आठ टन ढकलत असताना उतारावर थांबायचं असतं, तेव्हा एचपी कामाला येत नाही. तेव्हा ब्रेक, टायरची पकड आणि वजनाचं प्रमाण कामाला येतं.

अमेरिकेतला चौदा फुटी डंप ट्रेलर बहुतेक वेळा एकूण १४,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ६,३५० किलोचा असतो, तोही माल धरून. त्याला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ट्रेलर सुटलाच तर ब्रेक आपोआप लागायची सोय असते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर.

म्हणून ट्रॉली बनवून घेताना ब्रेक असलेलीच मागा. "लागत नाही हो" असं उत्तर आलं तर दुसरं वर्कशॉप बघा. आणि चालवणाऱ्यासाठी चार नियम:

1. रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक केलेले हवेत. शेतात वळायला ते सुटे ठेवतात, रस्त्यावर तेच जीवघेणं ठरतं. एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
2. उतारावर न्यूट्रल नाही. चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा.
3. हुकाच्या पिनीला लॉक आणि सोबत सुरक्षा साखळी. पिनीऐवजी सळईचा तुकडा घालून काम भागवायचं नाही.
4. मालावर, दांडीवर, मडगार्डवर माणूस बसवायचा नाही. मजूर मोटारसायकलवर येऊ दे.

## दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी, म्हणजे एका एक्सलची ट्रॉली वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते. त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते, चिखलात आणि शेतात बरं पडतं. रिव्हर्स घेणं सोपं. अरुंद गल्लीत, घराच्या बांधकामावर जिथे मागे घेऊनच ओतावं लागतं, तिथे हीच हवी. तोटा असा की वजन जास्त किंवा पुढे भरलं तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

चार चाकी, पुढे फिरत्या दांडीची ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते. लांबच्या डांबरी रस्त्याला, मोठ्या मालाला चांगली. पण रिव्हर्स घेताना पुढची चाकं आणि ट्रॉली उलटसुलट वळतात. सराव नसलेल्या ड्रायव्हरचा तिथेच घाम निघतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला, पंधरा किलोमीटरच्या आत काम असेल आणि गिऱ्हाईक घर बांधणारं असेल, तर माझा सल्ला दोन चाकी, ३ ते ५ टन क्षमतेची, टिपिंगची. एखाद्या मोठ्या कंत्राटदाराचं नक्की, लेखी काम हातात असेल तर चार चाकीचा विचार करा.

## जॅक, तेल आणि ओतायची जागा

ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिक तेलावर चालतो. त्यामुळे ट्रॉलीची ऑर्डर देण्याआधी ट्रॅक्टरच्या मेकॅनिककडे जा आणि दोन गोष्टी विचारा. ट्रॅक्टरला ट्रॉलीसाठी तेल बाहेर काढायची सोय आहे का? आणि जॅक पूर्ण उघडल्यावर जे तेल लागेल, ते ट्रॅक्टर देऊ शकतो का?

हिशोब सोपा आहे. आतून १०० मिलिमीटर व्यासाचा आणि एक मीटर उघडणारा जॅक साधारण ८ लिटर तेल घेतो. जॅक मोठा असेल तर आणखी. एवढं तेल एकदम बाहेर गेलं आणि ट्रॅक्टरमध्ये पातळी आधीच कमी असेल, तर हौदा अर्ध्यावर अडकतो आणि पंप हवा ओढायला लागतो. पाईपच्या जोडाला टोपी लावायची सवय ठेवा. त्यातून गेलेली धूळ थेट ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये जाते, आणि तो खर्च ट्रॉलीच्या खर्चापेक्षा जास्त झोंबतो.

डिलिव्हरीच्या दिवशी भरलेली ट्रॉली उचलून बघा, रिकामी नाही. हौदा अर्ध्यावर थांबवा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं लांब उभे राहा. हौदा हळूहळू खाली बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. तिथेच दुरुस्त करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिपिंग ट्रॉली धावताना जेवढी उलटते, तेवढाच धोका ती ओतताना असतो. हौदा वर गेला की वजन उंचावर जातं. जमीन एका बाजूला उतरती असेल, एका टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ओला चिकट मुरूम पुढे चिकटून बसला असेल, तर ट्रॉली आडवी होते. म्हणून:

- जमीन सपाट आणि घट्ट बघूनच हौदा उचला.
- माल चिकटला तर हौदा खाली घ्या आणि फावड्याने सोडवा. ट्रॅक्टरला पुढे-मागे झटके देऊ नका.
- वर बघा. दहा फुटी हौदा ४५ अंशांत उभा राहिला की त्याची पुढची कड जमिनीपासून बारा फुटांच्याही वर जाते. शेतातल्या लोंबत्या तारा तेवढ्याच उंचीवर असू शकतात.
- हौदा वर असताना ट्रॅक्टर हलवू नका.
- ग्रीसिंग किंवा दुरुस्तीसाठी खाली जायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालू नका. जॅकवर विश्वास नाही म्हणजे नाही.

## वर्कशॉपमध्ये काय बघायचं?

बनवणाऱ्याशी बोलताना तोंडी काहीच ठेवू नका. कोटेशनवर हे लिहून घ्या:

- चॅनल: सांगाड्याचं माप, उदाहरणार्थ १२५ बाय ६५ किंवा १५० बाय ७५ मिलिमीटर. नवं लोखंड की भंगारातलं.
- तळाचा पत्रा: खडी आणि राडारोड्याने तळच आधी झिजतो. १० बाय ६ च्या तळाला ४ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटर पत्रा घेतला तर लोखंड वाढतं फक्त ४४ किलोच्या आसपास. किलोला ७० रुपये धरले तर तीन हजार रुपये. एवढ्यात तळाचं आयुष्य वाढत असेल तर तिथे कंजुषी नको.
- फाळका: मागचं झाकण वरून बिजागरीवर लटकणारं आणि खालून खटक्याने सुटणारं हवं. खटका बाजूला उभं राहून उघडता आला पाहिजे, मागे उभं राहून नाही.
- एक्सल, हब, बेअरिंग, पाटे: मापं आणि कंपनी लिहून घ्या. बेअरिंग तालुक्याच्या दुकानात मिळणारी हवी.
- टायर: ७.५०-१६ असो की ९.००-२०, नवे की रिमोल्ड, हे बिलावर हवं. टायरच्या कडेवर छापलेली भारक्षमता वाचा, चाकांच्या संख्येने गुणा आणि तुमच्या एकूण वजनाशी ताडून बघा.
- दिवे आणि रिफ्लेक्टर: टेल लॅम्प, इंडिकेटर, मागे लाल आणि बाजूला पिवळी चमकणारी पट्टी. ऊसहंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून किती माणसं जातात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दोन-चारशे रुपयांची पट्टी आहे ती.

## कागद नसतील तर धंदा नाही

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण घर बुडतं ते इथेच.

एक. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलंय, इंजिन नसलं तरी. म्हणजे ट्रॉलीची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. ऑर्डर देण्याआधी बनवणाऱ्याला विचारा, "या मॉडेलचं पासिंग होतं का?" आणि पासिंगचे कागद हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

दोन. शेतीच्या नावाने नोंदलेला ट्रॅक्टर-ट्रॉली शेतमालासाठी आहे. भाडं घेऊन लोकांची खडी वाहायची म्हणजे व्यावसायिक वापर. त्यासाठीची नोंदणी, परमिट, फिटनेस काय लागेल, ते तुमच्या आरटीओमध्ये विचारा आणि तो खर्च हिशोबात धरा. परमिटशिवाय वाहतुकीला कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तीन. विमा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का, तिचा हप्ता भरलाय का, आणि वापर "व्यावसायिक" लिहिलाय का, हे तीन शब्द शोधा. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी हेच बघते. तिने हात वर केले तर भरपाई तुमच्या जमिनीतून जाते.

चार. जादा वजन. कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. एका फेरीच्या लोभात महिन्याची कमाई जाते.

पाच. मुरूम, वाळू, माती, खडी हे गौण खनिज आहे. रॉयल्टी भरलेली आणि वाहतूक पास सोबत असल्याशिवाय चाक हलवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होतं. "रात्रीतून दोन फेऱ्या मारू, डबल पैसे" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. तहसील कार्यालयाच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांचे हप्तेसुद्धा कुणीतरी भरतंय.

राडारोड्याचंही तसंच. ओढ्यात, नदीकाठी ओतू नका. नगरपालिकेने किंवा महापालिकेने दिलेली जागा विचारा, आणि तिथली फी असेल तर ती गिऱ्हाइकाच्या बिलात धरा.

## आता पैशाचं बोलू

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा ट्रॅक्टर घरचा आणि फेडलेला आहे. ट्रॉलीसाठी कर्ज २ लाख, व्याज १२ टक्के, मुदत ३६ महिने. हप्ता येतो ६,६४३ रुपये. विमा-कर-कागद महिन्याला १,५०० धरा. म्हणजे चाक फिरो न फिरो, महिन्याला ८,१४३ रुपये जाणारच.

एका फेरीचं भाडं ९०० रुपये, मालाचे पैसे वेगळे. डिझेल ३८०. टायर-ग्रीस-दुरुस्ती १००. ड्रायव्हरची रोजची मजुरी ७००. महिन्यात १६ दिवस काम.

- रोज ५ फेऱ्या: ड्रायव्हर फेरीला १४०. उरतात २८०. दिवसाला १,४००, महिन्याला २२,४००. ठरलेला खर्च वजा करून हातात १४,२५७.
- रोज ४ फेऱ्या: फेरीला उरतात २४५. महिन्याला १५,६८०. हातात ७,५३७.
- रोज ३ फेऱ्या: फेरीला उरतात साधारण १८७. महिन्याला ८,९६०. हातात ८१७ रुपये. बरोबर वाचलंत, आठशे सतरा.

दोन फेऱ्यांचा फरक, आणि धंदा चालतो की बुडतो ते ठरलं. आता हीच साधी ट्रॉली असती तर? उतरवायला दोन मजूर, रोज ५०० प्रमाणे १,०००. वेळ जास्त, म्हणून फेऱ्या तीनच. फेरीला मजुरांचे ३३३ आणखी गेले, म्हणजे प्रत्येक फेरीत जवळपास १४६ रुपये तोटा. सैल मालाला टिपिंग का हवं, ते या आकड्यातून कळतं.

पण थांबा, अजून पावसाळा धरलेला नाही. पावसात बांधकामं मंदावतात, खाणीचा रस्ता चिखल होतो, शेतात ट्रॅक्टर स्वतःला लागतो. वर्षातले ८ महिनेच चांगलं काम धरा. रोज ५ फेऱ्यांनी ८ महिन्यांचे १,७९,२०० येतात. ठरलेला खर्च मात्र १२ महिन्यांचा, ९७,७१६. उरले ८१,४८४. महिन्याला वाटून सुमारे ६,८००. आणि ४ फेऱ्या असतील तर वर्षाचे २७,७२४, म्हणजे महिन्याला २,३०० च्या घरात.

घाबरवायला सांगत नाही. ड्रायव्हर तुम्ही स्वतः असाल तर ते ७०० घरातच राहतात. तीन वर्षांनी हप्ता संपतो आणि ट्रॉली तुमची होते. पण ट्रॅक्टरही नवा कर्जावर घ्यायचा असेल, तर या आकड्यांवर त्याचा हप्ता निघत नाही. हे आज कागदावर कळलेलं बरं.

कर्ज लागलंच तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. किशोर गटात ५० हजारांच्या वर ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

## जुनी ट्रॉली घ्यावी का?

घ्यावी, पण उजेडात आणि भरलेली चालवून बघितल्यावरच. आरसीवरचा चासी नंबर सांगाड्यावर कोरलेल्या नंबराशी जुळवा. दांडीच्या आणि हुकाच्या जोडावर नवं वेल्डिंग, ताजा रंग दिसला तर खरवडून बघा, तडा तिथेच लपवलेला असतो. चाक उचलून हलवा, बेअरिंगचा खेळ कळतो. मागून सरळ रेषेत बघा, ट्रॉली तिरकी चालत असेल तर एक्सल वाकलाय. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

## या आठवड्याचा गृहपाठ

1. दहा गिऱ्हाइकांना भेटून माल, अंतर, फेऱ्या लिहा.
2. मालाचं वजन टनात काढा, त्यावरून क्षमता ठरवा.
3. मेकॅनिककडून ट्रॅक्टरचे ब्रेक आणि हायड्रोलिक तपासून घ्या.
4. तीन वर्कशॉपची लेखी कोटेशन घ्या, पासिंगसकट.
5. आरटीओ आणि विमा एजंटकडे एक सकाळ घाला.
6. ३, ४ आणि ५ फेऱ्यांचा हिशोब तुमच्या दरांनी मांडा. ४ फेऱ्यांवर घर चालत असेल तरच ॲडव्हान्स द्या.

आणि ट्रॉली घ्यायच्या आधी जमलं तर एक महिना कुणाची तरी भाड्याने घ्या. थोडे पैसे जातील, पण आपल्या रस्त्यावर दिवसाला खऱ्या किती फेऱ्या होतात, ते कळेल. या धंद्यात सगळं त्याच आकड्यावर उभं आहे.

हिशोब मांडून झाला की शंका लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं वाचायचं आणि भाव कुठे कमी होतो, ते बघू. तोपर्यंत रेघेपर्यंतच भरा, सावकाश चालवा.

भेटू लवकरच!